कापड द्या, दरही द्या
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणीची माणसं. साच्यावरून उतरणारा कापडाचा प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी घामाचा असतो, हे आम्हांला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. म्हणून आज जुन्या कापडाबद्दल दोन शब्द बोलतो.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राजवाड्यातील स्त्रियांनी आयुष्मान आनंदांना ५०० चीवरं दान दिली. राजाने विचारलं, एवढ्या चीवरांचं काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं फाटलीत त्यांना वाटू. मग जुन्यांचं काय? त्यांच्या चादरी करू. त्या विरल्या की गादीची खोळ, मग बैठक, मग पायपुसणं, मग फडकं. शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवू. दानात आलेला धागाही वाया जाऊ द्यायचा नाही, ही आपल्या धम्मातली रीत.

आपल्या आया-बहिणी हेच करत आल्या. जुन्या लुगड्यांची गोधडी कुणाच्या घरी नव्हती? पण कापड वाया गेलं नाही, तरी शिवणाऱ्या बाईचे कष्ट वाया जातात. त्याचं काय?

अहमदाबादचं उदाहरण घ्या. तिथल्या गिरण्यांची चिंधी व्यापारी घ्यायचे आणि गरीब मुस्लिम बाया घरी बसून तिच्या खोळी शिवायच्या. मशीन बाईचं, जागा बाईची, भाव मात्र व्यापाऱ्याचा! इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या ‘सेवा’ संघटनेत या बाया एक झाल्या. वाढीव दर मागितला तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणं बंद केलं. मग संघटनेनेच चिंधी विकत घेऊन काम सुरू केलं आणि पुढे बायांची सहकारी संस्था उभी राहिली.

आपल्या वस्तीतही विधवा आहेत, नवऱ्याने टाकलेल्या भगिनी आहेत. त्यांना जुनी साडी दिली की आपलं काम संपलं, असं आम्ही मानत नाही. विहाराच्या खोलीत गोधडीचं काम सुरू करू या. सुती साड्या, चादरी धुऊन आणा. फाटक्या चालतील, मळक्या नकोत. गोधडीचा दर शिवणाऱ्या भगिनींनी ठरवायचा, हिशेबाची वहीही त्यांच्याच हाती. आम्ही पुरुषांनी गाठोडी उचलायची. आणि घेताना ‘आपल्याच चाळीतली आहे’ म्हणून कुणी भाव पाडू नका.

१९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. तेच माप आपल्या वस्तीला लावून बघू या.

जयभीम! नमो बुद्धाय!