डोंगरवाटेवरचे ऊबदार जाकीट
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या जळगाव-धुळ्याकडे थंडी पाहुणीसारखी येते. धुळ्यात पारा कधी दहा अंशांखाली उतरतो, चार दिवस शेकोट्या पेटतात, की पुन्हा ऊन आहेच. म्हणून मुलगी हिमालयात निघाली की घरातला जाडजूड स्वेटर पिशवीत कोंबून आपण निश्चिंत होतो. तेवढ्याने भागत नाही, हेच आज सांगावयाचे आहे.

हजार मीटर चढले की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरांवर, केदारनाथ ३,५०० मीटरांहून उंच. म्हणजे निव्वळ उंचीमुळेच वीसबावीस अंशांचा फरक! वारा-पाऊस निराळाच. शिवाय गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरांची चढण. तेथे पाठीवरचे पावकिलो ओझेही जाणवते.

आता ऊब येते कोठून? पिंजाऱ्याने रुई पिंजून दिली की जुनी रजई पुन्हा ऊबदार होते. रुई काही वाढत नाही. तिच्यात हवा शिरते. ती अडकलेली हवाच अंगाची ऊब राखते. हलक्या जाकिटाचे मर्म हेच. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी बलूनच्या कापडात बदकाची मऊ पिसे भरलेला कोट नेला होता, तोही याच तत्त्वावर.

कापूस आपल्या खानदेशचे वैभव खरे, पण डोंगरात तो कामाचा नाही. भिजला की त्याचा गोळा होतो आणि लवकर वाळत नाही. पिसांचे जाकीट सर्वांत हलके. दाबले की मुठीएवढे होते. मात्र तेही भिजले की ऊब गेली. कृत्रिम तंतूंचे थोडे जड, पण ओलसर झाले तरी बरीच ऊब राखते, लवकर वाळते आणि बहुधा स्वस्तही पडते. तेव्हा पावसाची वाट असेल तर कृत्रिम तंतूंचे, कोरड्या कडाक्याची असेल तर पिसांचे घ्यावे.

पिसांच्या जाकिटावर ६००, ८०० असे आकडे असतात. ते पिसांच्या फुगण्याचे. पिसे किती ग्रॅम भरली आहेत, हे वेगळे विचारावे. तीनचारशे ग्रॅम वजनाचे जाकीट पुष्कळ झाले. दुकानात स्वेटरवर घालून पाहावे, हात वर करावेत. कंबर उघडी पडता कामा नये. तंग जाकिटात पिसे दबतात आणि हवा राहत नाही. टोपी जोडलेली असावी. चढताना ते काढून ठेवावे, नाहीतर घामाने आतून भिजते. विसाव्याला बसताच घालावे. पावसात वरून रेनकोट हवाच.

भगिनींनो, मुलाला नवे जाकीट आणि मुलीला भावाचे जुने, हे आता पुरे. बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर पोचल्या. आपल्या मुलीही डोंगर चढणारच. प्रत्येक घराला नवे घेणे जमणार नाही, हे मी जाणते. लग्नकार्याला भांडी देतात, तशी मंडळाने निरनिराळ्या मापांची चार जाकिटे घेऊन ठेवावीत आणि निघणारीला द्यावीत, अशी माझी सूचना आहे. तिचा विचार व्हावा, एवढे सांगून मी आपली रजा घेते.