रापणीवरून दिसणारी अमेरिका



'येवा, कोकण आपलाच आसा' हे तुम्ही वाटेतल्या फलकांवर वाचलंच असेल. स्वागत समितीच्या वतीने तेच आता तोंडी सांगतो. प्रवासाचा शीण सोलकढीने उतरतो, असा आमचा अनुभव आहे.

अमेरिकन साहित्य, संस्कृती आणि चित्रपट यांवरचं चर्चासत्र मालवणात भरणार, हे कळल्यावर बाजारात एकाने मला अडवलं. म्हणाला, "अमेरिकेचो नि आमचो संबंध काय, ता आधी सांगा." प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथेच देतो.

संबंध जुना आहे आणि बराचसा वेंगुर्ले तालुक्यातून गेलेला आहे. आरवलीचे जयवंत दळवी मुंबईत अमेरिकेच्या माहिती खात्यात, म्हणजे 'युसिस'मध्ये नोकरीला होते. वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगावकरही तिथे संपादक होते. दिवस शीतयुद्धाचे. आपली पुस्तकं भारतीय भाषांत यावीत, ही अमेरिकेची इच्छा काही निव्वळ साहित्यप्रेमातून आलेली नव्हती. पण त्या काळात आपल्या लेखकांनी मराठीत काय आणलं ते पाहा. दुर्गाबाई भागवतांनी थोरोचं 'वॉल्डन', जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या, पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी'. आणि दळवींनी स्वतः 'संध्याछाया' लिहिलं. मुलगा अमेरिकेत आणि नाना-नानी इथे वाट बघत बसलेले. अमेरिकेचं मीठ खाल्लं म्हणून त्यांचा हात आखडला नाही.

मिठावरून शिरोडं आठवणारच. १८४६ साली थोरोने कर भरायला नकार दिला, एक रात्र तुरुंगात काढली आणि पुढे त्यावर निबंध लिहिला. गांधीजींनी तो दक्षिण आफ्रिकेत असताना वाचला. मे १९३० मध्ये आरवलीशेजारच्या शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. आणि १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग गांधीजींचा देश पाहायला भारतात आले. अमेरिकन साहित्याच्या पेपरात थोरो असतो, शिरोडं नसतं. आमची तक्रार एवढीच आहे.

अमेरिकेकडे कसं पाहावं, हेही आपल्याला कुणाकडून उसनं घ्यायला नको. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पंडिता रमाबाई तिकडे राहून आल्या आणि १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झालं. तिथल्या लोकशाहीचं आणि स्त्रीशिक्षणाचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. मूळ रहिवाशांची वाताहत आणि काळ्या माणसांवरचा अन्यायही तितक्याच स्पष्टपणे नोंदवला. दिपून जायचं नाही आणि नाकही मुरडायचं नाही, ही रीत तेव्हाच पडली.

आता हेमिंग्वेचा म्हातारा घ्या. लेखक अमेरिकेचा, म्हातारा क्यूबाचा. चौऱ्याऐंशी दिवस मासा नाही. मग तो एकटाच खोल पाण्यात जातो, अजस्र मासा गरीला लागतो आणि परतीच्या वाटेवर मोऱ्या तो फस्त करतात. (त्याच मोरीचं मटण उद्या दुपारी तुमच्या ताटात आहे; म्हाताऱ्याचा सूड समजा.) गाइडात उत्तर तयार असतं : एकट्या माणसाची जिद्द, पराभवातला विजय. मार्क मिळतात. पण रापणीवर वाढलेल्या पोराला पहिला प्रश्न पडेल, की हा एकटा गेलाच का? आमच्याकडे रापणीत होडी समुद्रात जाळ्याचा फेर टाकून येते. किनाऱ्यावर दोन्ही दोरांना माणसं लागतात आणि ओढत ओढत एकमेकांजवळ सरकतात. मग मासळीचे वाटे पडतात. येता-जाता दोराला हात लावणाराही रिकाम्या हाताने जात नाही. या नजरेने पुस्तक उघडलं, की भर समुद्रात म्हातारा त्या पोराची, मनोलिनची, किती वेळा आठवण काढतो ते दिसू लागतं. एकटेपणाचा गौरव म्हणून शिकवली जाणारी ही गोष्ट सोबतीसाठी तळमळते आहे, हे आमच्या विद्यार्थ्याला सांगता आलं पाहिजे.

चित्रपटांचंही तसंच. १९८८चा 'चाइल्ड्स प्ले' आणि १९९३चा महेश कोठारे यांचा 'झपाटलेला'. नक्कल म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण तिकडे खुन्याचा आत्मा दुकानात विकायला ठेवलेल्या खेळण्यात शिरतो. इकडे तो रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यात शिरतो. तिकडे व्हूडू, इकडे मृत्युंजय मंत्र. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हा खुनी बाहुला, तात्या विंचू, नुसता उसना वाटणार नाही. बाहुलं बोलतं, हे त्याने लहानपणीच मान्य केलेलं असतं.

पूर्वी या विषयाच्या संशोधकांना हैदराबादचं अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर गाठावं लागे. आता पुस्तकं मोबाइलवर येतात. प्रश्न मात्र आपले आपल्यालाच घडवावे लागतात.

म्हणून दोन विनंत्या. निबंध वाचणाऱ्यांनी शेवटची पाच मिनिटं मराठीत गोषवारा सांगावा. मागच्या रांगांत विद्यार्थ्यांचे पालक बसले आहेत, त्यांनाही विचारायचं आहे. आणि विद्यार्थ्यांनो, तुमचा प्रश्न गावठी वाटेल म्हणून गिळू नका. तोच इथे ऐकायचा आहे.

राहण्या-जेवणात काही कमी पडलं तर आम्हाला हक्काने सांगा. चर्चेत काही कमी पडलं तर मात्र आम्ही तुम्हाला सांगू.