दवाखान्यात डॉक्टर सोडून आणखीही माणसं असतात

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी फार शिकलेला माणूस नाही. नववीनंतर सुरतेला गेलो, कापड रंगवण्याच्या मिलमध्ये लागलो. जे काही वाचलं ते रात्रपाळीच्या सुट्टीत. तेव्हा हे व्याख्यान समजू नका.

दहावीचा निकाल लागला की विहारात पेढे येतात. पोराला विचारावं, पुढं काय? तर एक तर डॉक्टर, नाही तर "बघू". डॉक्टर म्हणजे नीट, आणि तिथं नंबर लागला नाही की पोरगं सुरतेच्या गाडीत. मधल्या पायऱ्या कोणी दाखवतच नाही. आपल्या विसरवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात एक दिवस नुसतं बाकावर बसून पाहा. डॉक्टर पाच मिनिटं भेटतो. बाकी सारा वेळ नर्स, रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, औषध देणारा. ही सगळी माणसं शिकूनच तिथं आली ना?

आपल्या जिल्ह्याला तर त्यांची गरज जास्तच. सिकलसेल हा आजार इथल्या आदिवासी बांधवांत पुष्कळ, आणि नागपूरकडे आपल्या समाजातही आहे. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, माणूस वेदनेनं तळमळतो. आई-बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं निर्मूलनाची मोहीम काढली. पण मोहीम चालते कोणाच्या हातानं? बोटातून काढलेला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा. नळीच्या मागं धरलेल्या रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर संशय. वाहक कोण आणि रोगी कोण हे मात्र गढूळ पाण्यावरून कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीची तपासणी लागते. आमच्या मिलच्या लॅबमध्ये रंग पाहणारा चुकला तर एक लॉट वाया जातो. इथं चुकला तर एक संसार चुकीच्या कागदावर उभा राहतो.

तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका वहिनींनी मला रस्त्यात अडवलं. पोरीला नर्सिंगला जायचं होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, सासऱ्यांनी मेलेली जनावरं ओढायचं सोडलं ते कशासाठी? नातीनं परत दुसऱ्याची घाण काढावी म्हणून?"

मला उत्तर सुचलं नाही. माझ्या आज्यानंही तेच काम सोडलं होतं आणि त्यापायी फार सोसलं होतं. दोन रात्री मी यावर विचार केला. जनावर ओढणं जन्मानं गळ्यात बांधलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. नर्सचं काम शिकून, परीक्षा देऊन, परिषदेत नाव नोंदवून मिळतं. त्याला पगार आहे, आणि नको वाटलं तर सोडता येतं. अतिसारानं पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासोबत स्वतः धुऊन काढलं, ही गोष्ट भन्ते आपल्याला वर्षावासात सांगतात. भगवंतांना ते करायला कोणी भाग पाडलं होतं का? एवढं जाऊन सांगितलं. वहिनींना सगळं पटलं असं नाही. पोरगी मात्र आज जीएनएमला आहे.

आता पोरांनो, इकडं लक्ष द्या. अकरावीला विज्ञान घ्या आणि गणिताच्या नादात जीवशास्त्र सोडू नका. भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्ही असले तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी करता येते. तीन वर्षं शिक्षण, एक वर्ष प्रत्यक्ष काम. त्यात प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह अशा शाखा आहेत. जीएनएम तीन वर्षांचं, त्याला मुलगेही चालतात. डी. फार्म दोन वर्षांचं. नंदुरबारलाही २०२० पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंग्रजी शब्दांना भिऊ नका, ते तुकड्यांचे असतात. 'हेमा' आलं की रक्त, 'आयटिस' आलं की दाह. असे तुकडे मी पन्नाशीत वहीत लिहून शिकलो, तुम्हाला काय अवघड आहे?

एक मात्र सांभाळा. माझ्या पुतण्यानं एका शहरात दोन खोल्यांच्या संस्थेत रोख फी भरून लॅबचा कोर्स केला. प्रमाणपत्राला सोनेरी शिक्का. नोकरीच्या ठिकाणी कागद दाखवला, तर म्हणे हा चालत नाही. भावानं त्यासाठी बैलजोडी विकली होती. म्हणून पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: परीक्षा कोणतं विद्यापीठ किंवा मंडळ घेतं, आणि नोंदणी कोणत्या परिषदेत होते? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी घ्या, आणि त्या परिषदेकडे स्वतः चौकशी करा. २०२१ साली संसदेनं या व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला आहे. त्यामुळे नोंदणीला महत्त्व आहे.

आणि जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच करा. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच सहा महिने जातात.

दर रविवारी वंदनेनंतर मी विहारातच बसतो. गुणपत्रक, दाखले आणि एक वही घेऊन या. पोरीला आणताना आईलाही सोबत आणा. जयभीम.