काँक्रीटच्या पोटातले पाणी



२०१२-१३ च्या दुष्काळाची जालनेकरांना आठवण करून द्यावी लागत नाही. मोसंबीच्या बागा वाळल्या, शहर टँकरवर आले. पण त्या वर्षीही घरे बांधली जात होती. इथल्या कारखान्यांतली सळई राज्यभर जाते. तिच्याभोवतीचे काँक्रीट मात्र पाण्यावाचून कच्चे राहावे, याची मला मनापासून खंत वाटते.

आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक सांगते, उष्ण-कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवा, म्हणजेच त्याचे क्युरिंग करा. स्लॅबवर आळी करता येतात. वैशाखात सकाळी भरलेली आळी चार वाजेपर्यंत कोरडी पडतात, तरी निदान पाणी थांबते. कॉलमवर ते थांबतच नाही. गोणपाट सुतळीने गुंडाळायचे, बादलीने पाणी मारायचे, त्यातले बरेचसे मातीत जाते.

यावर उपाय म्हणून पाणी शोषणाऱ्या पॉलिमरची भुकटी काँक्रीटमध्येच मिसळतात. बाळांच्या डायपरमध्ये असते त्याच जातीची. तिचे कण मिश्रणातले पाणी पिऊन फुगतात आणि सिमेंटला आतून कोरड पडू लागली की ते सोडतात. येन्सन आणि हान्सन या डॅनिश संशोधकांनी २००१ साली ही कल्पना पायाशुद्ध मांडली. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी जर्मनीतल्या कैझर्सलाउटर्न इथे पातळ भिंतींचा मंडप तिच्यावर उभा राहिला. मात्रा अगदी थोडी: सिमेंटच्या ०.३ टक्के धरली, तर ५० किलोच्या गोणीला १५० ग्रॅम.

आता आपल्या घरांचा हिशेब पाहा. बाहेरून थेंब न देता सिमेंटची पूर्ण अभिक्रिया व्हायला गोणीमागे साधारण २१ लिटर पाणी लागते. एम-२० दर्जाच्या काँक्रीटच्या ठरीव मिश्रणात त्याच मानकाची मर्यादाच ३० लिटरची आहे, आणि मिस्त्री पाइप धरून उभा असला की तीही ओलांडली जाते. म्हणजे आपल्या स्लॅबच्या पोटात पाणी पुरेसे असते, ते उन्हाने उडते. भुकटीचा खरा उपयोग पाणी कमी घातलेल्या, उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये. आपल्याकडे आधी बाष्पीभवन अडवा: प्लॅस्टिकचा कागद, पृष्ठभागावर क्युरिंग कंपाउंडचा फवारा, किंवा मिश्रणात पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे द्रवरूप पॉलिमर, जे पाणी धरून ठेवते. अशा उपायांना ‘स्वयं-क्युरिंग’ म्हणतात म्हणून स्लॅब उघडा टाकून घरी जाऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

भुकटी वापरायचीच असेल, तर एक धोका ओळखा. साध्या पाण्यात ती स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिते. सिमेंटच्या क्षारयुक्त पाण्यात जेमतेम दहा-वीस पट. पाणी सोडल्यावर कणाच्या जागी पोकळी उरते, त्यामुळे मात्रा वाढली की ताकद घटते. त्यात आपल्या बोअरचे पाणी जड, म्हणजे त्यातही क्षार आहेतच. म्हणून पुण्या-मुंबईचे आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याच बोअरचे पाणी, आपलीच खडी आणि सिमेंट घेऊन ठोकळे पाडावेत, भुकटीसह आणि भुकटीविना, आणि ७ व २८ दिवसांनी दाबून पाहावेत.