सर्व्हर पडला, पण लॉग कुठे गेला?



गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या रात्री मावशीची मोदकांच्या ऑर्डर घेणारी वेबसाइट बंद पडली. ती सांभाळायचं काम माझं. सकाळी बघतो तर सर्व्हरची डिस्क फुल्ल! लॉग उघडला, तर शेवटची ओळ रात्री सव्वाअकराची. पुढे सगळं कोरं, कारण लॉगही त्याच डिस्कवर लिहिला जायचा. कोणाच्या ऑर्डर अडकल्या, कोणाला फोन करायचा, काहीच कळेना. मावशी मला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून आजचा मुद्दा एकच. लॉग मशीनवरच ठेवू नका, लिहिला जाताक्षणी बाहेर मॉनिटरिंग सर्व्हिसकडे पाठवा.

त्यासाठी सिसलॉग आहे. १९८०च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल प्रोग्रामसोबत तो बनवला. प्रत्येक मेसेजला ० ते ७ असा नंबर असतो. ० म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे एरर, ७ म्हणजे डीबगची बडबड. फोनवर अलर्ट फक्त ० ते ३चे लावा, नाहीतर दोन दिवसांत तुम्ही ते म्यूट कराल.

लिनक्सवर आरसिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ लागते: स्टार डॉट स्टार, स्पेस, मग ॲटचं चिन्ह, सर्व्हिसचा पत्ता, कोलन आणि पोर्ट. एक ॲट म्हणजे यूडीपी. मेसेज सोडला, पोचला का, देव जाणे! दोन ॲट म्हणजे टीसीपी, जास्त भरवशाचं. इंटरनेटवरून पाठवताय? मग टीएलएस लावाच, त्याचं ठरलेलं पोर्ट ६५१४. सोबत डिस्कवरची क्यू चालू करा, म्हणजे नेट गेलं तरी मेसेज थांबून राहतात आणि नंतर जातात. आणि हो, पासवर्ड, ओटीपी लॉगमध्ये येऊच देऊ नका.

आता टेस्ट. टर्मिनलमध्ये लॉगर ही कमांड आणि पुढे एक वाक्य लिहा. मी लिहिलं, ‘मोदक तयार’. ते सर्व्हिसच्या स्क्रीनवर दिसलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. दहा मिनिटं एकही मेसेज आला नाही, तर त्याचाही अलर्ट लावा. त्या रात्री माझा सर्व्हर ओरडला नव्हता, गप्प झाला होता.

चला, भेटू पुढच्या भागात!