पहिला प्रश्न पेशंटला

(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)

मी दंतवैद्य. आमच्या दवाखान्यात काउंटरवरची मुलगी असो की मावशी, नव्या माणसाला पहिला धडा एकच: प्रश्न पेशंटला विचारायचा, सोबतच्या आईला नव्हे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. खुर्चीत येणारा मात्र प्रत्येक जण वेगळा. सेरेब्रल पाल्सीचे मूल एकदम आडवे केले की दचकते, जबडा घट्ट मिटतो. म्हणून खुर्ची सावकाश कलवायची, मानेला आधार द्यायचा. स्वमग्न मुलाच्या आधी हातात आरसा द्यायचा, मगच तो तोंडात. वेळ लागतो, बाहेरचे कुरकुरतात, कुरकुरू देत! तुमच्या घरी असे मूल असेल तर दात दुखायची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी नुसते खुर्चीत बसून गेले तरी चालेल.