मुदत संपल्यानंतरचा पैसा

(पैठण येथील भाषणाचे शब्दांकन)



पैठणच्या भूमीत हिशेबाची गोष्ट निघाली की प्रथम नाथमहाराजांचे स्मरण होते. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांकडे जमाखर्च लिहिण्याचे काम होते. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधता शोधता रात्र सरली आणि चूक सापडताच त्यांना आनंद आवरेना, अशी आख्यायिका पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. पैची चूक वेळीच सापडली तर ती पैचीच राहते, दुर्लक्षिली तर सारी वही बिघडवते, हा त्यातला व्यवहार.

आज अशीच चूक परदेशी गेलेल्या मुलाच्या कागदपत्रांतील एका तारखेत दडलेली असते. व्हिसाची मुदत संपते, मालक करार वाढवत नाही, दलाल दूरध्वनी उचलत नाही, आणि ज्याने घरी पैसे पाठवायचे त्यालाच घरून पैसे पाठवण्याची वेळ येते. आई गळ्यातले मोडते, वडील उसनवार करतात. रक्कम उभी राहते. पण ती त्याच्या हाती पोहोचत नाही. असे का होते, हे समजून घेणे हा आजचा विषय आहे.

परदेशाशी व्यवहार पैठणला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याची नोंद आहे. येथील अकीकाचे खडे गाड्यांतून भडोच बंदराकडे जात. पुढील काळात देशभर व्यापाऱ्यांची हुंडी चालू लागली. हुंडी सकारली जाई ती पतीवर. आजच्या पैसे देणाऱ्या खिडकीवरही पतच तपासली जाते. फक्त तिचे नाव आता 'मुदतीतले ओळखपत्र' असे आहे. पाठवणारा कितीही प्रामाणिक असो, घेणाऱ्याचे ओळखपत्र संपलेले असेल तर रक्कम अडते. आखाती देशांत ही ओळख निवासपत्राला जोडलेली असते. निवासपत्राची मुदत संपली की पैसे देणारी पेढी हात आखडते, बँक खातेही गोठवू शकते. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल, तर उरलासुरला आधारही जातो.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा, की ज्या खिडकीवर परदेशातून आलेले पैसे मिळतात, तिथूनच ते परदेशी पाठवताही येतील. रिझर्व्ह बँकेची 'मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीम' केवळ भारतात येणाऱ्या पैशासाठी आहे. बाहेर पैसे पाठवायचे तर परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेकडे जावे लागते. २००४ साली सुरू झालेल्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली जवळच्या नातेवाइकाच्या चरितार्थासाठी पैसे पाठवता येतात. त्यासाठी पॅन क्रमांक आणि 'ए-टू' हा अर्ज लागतो. मार्ग खुला आहे, परंतु तो पलीकडच्या चालू खात्यापर्यंत जातो. खाते गोठलेले असेल, तर वाट तेथेच संपते.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. व्हिसा संपला म्हणजे मुलगा आता कोणाचाच राहिला नाही, असे कुटुंब मानू लागते. व्हिसा ही यजमान देशाने दिलेली मुदतीची परवानगी. पासपोर्ट ही आपल्या देशाने दिलेली ओळख. परवानगी संपली तरी नागरिकत्व संपत नाही. भारतीय दूतावासाचे दार त्याला बंद होत नाही. लाजेपोटी आणि भीतीपोटी तो तेथे जात नाही, हीच खरी अडचण.

या भीतीचा लाभ हवालावाला उठवतो. 'येथे रुपये द्या, तासाभरात तेथे दिरहम मिळतील' असे तो सांगतो. जुनी हुंडी पेढीच्या वहीत लिहिलेली असे; हवाल्याला वही नसते आणि बुडाल्यास दादही नसते. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली अशा व्यवहारास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. सोबत्याच्या खात्यावर पैसे मागवणे वरकरणी सोपे दिसते. पण चौकशी झाली तर उत्तर त्या निरपराध सोबत्याला द्यावे लागते. एक अनियमितता झाकायला दुसरी केली की पैची चूक रुपयाची होते.

तेव्हा खरा प्रश्न पैसा कसा पोहोचवावा, एवढाच नाही. तो कशासाठी पोहोचवावा, हा आहे. दर महिन्याला थोडेथोडे पाठवून मुलाचे लपणे लांबवणे, ही माया नव्हे. संयुक्त अरब अमिरातीत मुदतीबाहेरच्या वास्तव्यास दिवसाला ५० दिरहम दंड आहे. एक वर्ष लपून काढले तर हिशेब १८,२५० दिरहमांवर जातो. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतणाऱ्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा त्याहून अधिक काळ राहिलेल्यास दहा वर्षे पुनःप्रवेश बंद होतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. प्रत्येकाची कथा निराळी असेल. पण अशा परतण्यात मानही जातो आणि गुंतवलेला पैसाही.

मानाने परतण्याचे मार्ग मात्र आहेत. पासपोर्ट हरवला, संपला वा मालकाने दिला नाही, तर दूतावास भारतात परतण्यापुरते 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देऊ शकतो. २००९ साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडलेल्या गरजूस निवारा, कायद्याची मदत, विमानभाडे मिळू शकते. मुदतबाह्य वास्तव्यात कामगाराचा दोष नसेल, तर लहान दंडाचाही विचार होतो. येथे राहिलेल्या कुटुंबास २०१५पासून परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संगणकीय व्यवस्थेत गाऱ्हाणे नोंदवता येते. यजमान देशही अधूनमधून सवलत देतात. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अमिरातीने दंड माफ करून परतण्याची वा कागद नियमित करण्याची संधी दिली होती. अशा संधीची वार्ता गावातल्या घरापर्यंत वेळेवर पोहोचवणे, हेच मोठे सेवाकार्य आहे.

आणखी एक साधी गोष्ट. विमानाचे तिकीट येथेच रुपयांत काढता येते. त्यासाठी पैसा सीमेपलीकडे पाठवावाच लागत नाही. जी रक्कम हवाल्यात जाणार होती, ती या तिकिटात घातली, तर मुलगा घरी येतो. त्याचे वेतन थकले असेल, तर निघण्यापूर्वी दूतावासाचा सल्ला घेऊन विश्वासू माणसास मुखत्यारपत्र द्यावे. दावा मागे चालू राहू शकतो.

परंतु सर्वांत स्वस्त उपाय जाण्यापूर्वीचा. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याने परदेशी नोकरभरती करणाऱ्यास नोंदणी बंधनकारक केली. दलाल नोंदणीकृत आहे का, व्हिसा नोकरीचा आहे की पर्यटनाचा, हे दोन प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारावेत. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीला गेलेल्याची फसगत विमानतळावरच सुरू झालेली असते. व्हिसावरची तारीख आणि प्रत्यक्ष वास्तव्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात; त्या दोन्ही घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. पासपोर्टची प्रत आईच्या पेटीत असावी.

अशा घरावर संकट आले की शेजारी कुजबुजतो, नातेवाईक टाळतो. मग ते घर गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या घरात सर्वांत आधी हवालावाला शिरतो. त्याच्या आधी तेथे समाज पोहोचला पाहिजे. अर्ज भरून देणारा एखादा शिक्षक, बँकेत सोबत येणारा एखादा कार्यकर्ता, 'पोराला परत बोलवा, आम्ही आहोत' असे म्हणणारा एखादा शेजारी एवढे पुरेसे आहे. चूक सापडली याचा नाथांना आनंद झाला. ती लपवावी असे त्यांना वाटले नाही. परदेशी अडकलेल्या मुलालाही घरी चूक सांगण्याचे धैर्य वाटावे, असे आपले घर आणि आपले गाव असावे.